रिकाम्या खुंट्या

१२ जानेवारी

प्रिय आत्या,

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडले की भिंतीपलीकडच्या शेजारणीला आपल्या घरच्या सगळ्या गोष्टी कळतात. म्हणून पत्र. चष्मा लावून वाच.

गाव वसल्याला येत्या जूनमध्ये दीडशे वर्षं होतात. गावच्या समितीला त्यानिमित्त गावाच्या इतिहास-भूगोलाचं पुस्तक काढायचं आहे आणि ते मी लिहायचं असं ठरलंय. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरींना नद्या आणि पर्वत शिकवले, आता आपल्या ओढ्याची पाळी. नकाशे मी इथे बसून काढतेच आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर सध्या जेवायला जागा नाही, ताट मांडीवर घेते. पण नकाशात जे येत नाही ते तुलाच माहीत. आळ्या कशा पडल्या, पाणी कोणाला आधी, खिंडीतली चौकी कशी चालायची, सगळं सविस्तर लिही. मी शिकायला लहानपणीच शहरात आले, मला धड काही आठवत नाही.

एक प्रकरण मात्र मी कोणाला विचारून लिहिणार नाही. एक्केचाळीस वर्षांपूर्वीचा हिवाळा, मी सात वर्षांची. आई तर मला जन्म देऊनच गेली होती, त्या हिवाळ्यात बाबा त्या चौकीच्या बंद दाराला टेकून गेले, आणि ज्याने ते दार लावलं तो चौकीदार अजून गावात ऊन खात बसतो. पुस्तक निघेल त्या दिवशी शाळेच्या मैदानावर ते पान मी स्वतः वाचणार आहे. ऐकायला तो जिवंत आहे, याबद्दल देवाचे आभार.

गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी,
ढब्बू


३० जानेवारी

ढब्बे,

उद्या तुला नातवंडं होतील, तरी तू ढब्बीच. सातव्या वर्षी तू दारातून आडवी होऊन आत यायचीस.

पत्र पोचलं. जीपवाल्याने ते चार दिवस सीटखाली ठेवलं आणि वर मलाच म्हणाला, "आजी, पत्र तुमचं जड होतं." मी म्हटलं, तुझ्या डोक्यापेक्षा जड असणारच.

भूगोल अगदी सोपा आहे. डोंगर उभा, गाव आडवं आणि माणसं वाकडी. वरच्या आळीला सकाळचं ऊन दोन तास आधी मिळतं, म्हणून त्यांना वाटतं सूर्य त्यांच्या घरचा जावई आहे. मधल्या आळीत आपण. खालच्या आळीला पाणी मिळतं ते सगळ्यांचे कपडे धुऊन झाल्यावर, आणि हिवाळ्यात सात आठवडे तिथे ऊन पडतच नाही. खालच्या मुली वर करायच्या, पण वरची मुलगी खाली द्यायची नाही, हा कायदा कुठे लिहिलेला नाही. तू लिही.

इतिहास असा की चार भाऊ कुठूनसे आले. कोणी म्हणतं दुष्काळातून, कोणी म्हणतं लढाईतून. माझी आजी म्हणायची मेंढ्या चोरून. चौघांत तीन चोर होते आणि एक भला, आणि गावातल्या प्रत्येक घराचा मूळपुरुष तो भला.

आता चौकी. घळीतला रस्ता होऊन बावीस वर्षं झाली. त्याआधी गावाबाहेर पडायला एकच वाट, वर खिंडीतून. दीड तासाचा चढ, मग पलीकडे पाच तास उतरलं की बाजार. खिंड इतकी अरुंद की चौकी म्हणजे खिंडीचं दारच. एका दाराने आत शिरायचं, दुसऱ्या दाराने पलीकडे निघायचं, बगलेतून शेळीसुद्धा जात नाही. आत भिंतीवर एकतीस खुंट्या, एका घराची एक. प्रत्येक घराचा एक लाकडी बिल्ला, त्यावर घराची खूण डागलेली. आपली खूण विळा. पलीकडे जाताना बिल्ला आपल्या खुंटीला अडकवायचा, परत येताना काढून घरी आणायचा. मोठा बर्फ सुरू झाला की चौकीदार भिंत बघणार. सगळ्या खुंट्या रिकाम्या म्हणजे सगळे परत आले. मग शेकोटी विझवायची, दोन्ही दारांना लोखंडी पट्ट्या आणि कुलपं घालायची आणि चार महिने कोणी वर फिरकायचं नाही. दार उघडं राहिलं तर आत बर्फ भरून छप्पर बसतं, एकदा बसलं होतं. आणि चौकीदाराने माणसं मोजायची नाहीत, खुंट्याच बघायच्या. माणूस बाजारातून पिऊन येतो, एकदा आत शिरतो आणि दोनदा मोजला जातो. लाकूड पीत नाही.

त्या दारलाव्याचं विचारतेस. एक्केचाळीस वर्षांत गावातलं कोणी त्याच्याशी एक शब्द बोललेलं नाही. दुकानदार त्याचं सामान पायरीवर ठेवतो आणि तो पैसे पायरीवर ठेवतो. तो रस्त्याने निघाला की ज्या घरावरून जाईल त्या घराचं दार धाडकन लागतं. हे सुरू कोणी केलं? मी. तुझ्या बापाला वरून खाली आणलं त्या दिवशी, त्याच्या तोंडावर. दुसऱ्या दिवशी शेजारणीने केलं, आठवड्यात सगळ्या गावाने. आता तीन वर्षांची पोरंही करतात. का ते त्यांना माहीत नाही, पण मजा येते. एकदा ओढ्यात घसरून त्याच्या पायाचं हाड मोडलं, तेव्हा तो घरापर्यंत रांगत गेला. वाटेवरची अकरा दारं वाजली. मी मोजली.

तेवढं त्याला पुरे आहे. तू पुस्तकात मेंढ्या लिही, बटाटे लिही, ओढ्याचा पूर लिही. तो हिवाळा राहू दे. बैल गेला आणि झोपा केला, काय उपयोग.

तुझी आत्या


१४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

अकरा दारांचं वाचून मला बरं वाटलं. खरंच सांगते. दोनदा वाचलं.

हिवाळा मी सोडणार नाही. परवा जिल्ह्याच्या दप्तरखान्यात जाऊन आले. कपाटांवर कबुतरं आणि खाली कारकून, दोघं सारखेच घुमत होते. तीन तासांनी चौकशीची फाईल मिळाली. त्या दिवशी सकाळी भिंतीवर सात बिल्ले होते. बाजाराला गेलेले सहा जण तीन वाजेपर्यंत एकेक करून परत आले. बाबा बाजाराच्याही पुढे सुतारकामाला गेले होते, त्यामुळे त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. चौकीदाराची जबानी अशी की आपण मागे लाकडं झाकत होतो, बर्फ सुरू झाला, साडेतीनला आत येऊन भिंत बघितली, सगळ्या खुंट्या रिकाम्या होत्या, म्हणून कुलपं घातली. गाव हिवाळाभर धरून चाललं की बाबा पलीकडेच राहिले. वसंतात दार उघडलं तर बाबा पलीकडच्या दाराशी. बिल्ला ना खुंटीवर, ना त्यांच्या अंगावर.

चौकशीच्या साहेबाने शेवटी लिहिलंय की चौकीदाराची बायको त्या दिवशी खाली बाळंतपणात अडली होती आणि त्याला घरी पळायची घाई होती. म्हणून उरलेला बिल्ला त्यानेच काढून कुठेतरी फेकला असावा. कोर्टात टिकेल असा पुरावा नाही, सबब नोकरीवरून कमी करावं. एवढीच शिक्षा. बाकीची गावाने दिली ते बरं केलं.

त्या दिवसातलं मला एकच आठवतं. संध्याकाळी तू मला मारलंस. चुलीसमोर, लाकडी पळीने. कशासाठी, ते काही केल्या आठवत नाही. तू तर मला कधी बोटही लावलं नव्हतंस. की तो दुसराच कुठला दिवस होता?

मी चौकीदाराला पत्र टाकलं आहे. आरोपीची बाजू विचारावी लागते, नाहीतर समितीतले लोक कुरकुरतात.

तुझी,
ढब्बू


२७ फेब्रुवारी

बाई,

तुमचं पत्र मिळालं. त्या हिवाळ्यानंतर मला आलेलं हे तिसरं पत्र. पहिलं नोकरीवरून काढल्याचं, दुसरं बायकोच्या भावाचं, ती परत येणार नाही म्हणून.

तुम्ही विचारलंय, बिल्ला का काढलात. मी काढला नाही. भिंत दोनदा बघितली, कारण घरी जायची घाई होती आणि घाईत माणूस चुकतो हे मला कळत होतं. खुंट्या तीन ओळींत होत्या. वर दहा, मध्ये दहा, खाली अकरा. तुमच्या घराची खालच्या ओळीत, डावीकडून चौथी, बाकाच्या वर. ती मी हाताने चाचपून बघितली. रिकामी होती.

तुमच्या वडिलांचा मला पुळका नव्हता. खालच्या आळीतल्यांना ते हिणवून बोलायचे, मलाही बोललेत. पण म्हणून मी कोणाला बर्फात ठेवणार नाही. मला वाटायचं, त्या सहांपैकी कोणी चुकून दोन बिल्ले उचलले असतील. सहाही मेले. प्रत्येक जण आजारी पडला तेव्हा मला वाटलं, आता हा तरी जाताना सांगेल.

साहेबाने विचारलं होतं की दुसरं कोणी चौकीत आलं होतं का. मी सांगितलं, माझी बायको अडली होती म्हणून तुमची आत्या माझा डबा घेऊन आली होती, बरोबर लहान मूल होतं. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. म्हणाले, बायका-पोरं धरत नाहीत.

मला माफी नको, गौरव नको, माझी बाजूही नको. पुस्तकात एक ओळ घाला. "चौकीदाराने दार लावलं तेव्हा भिंतीवर एकही बिल्ला नव्हता." एवढीच. त्या दिवशी मला मुलगी झाली. तिला मी चार महिने बघितलं, मग तुमच्या वडिलांना खाली आणलं आणि तिची आई तिला घेऊन गेली. आता ती एक्केचाळीस वर्षांची असेल. ते पुस्तक तिच्या हातात कधी पडेल, पडणारही नाही. पडलं तर ती ओळ त्यात असावी.

चौकीदार


१० मार्च

प्रिय आत्या,

सोबत त्याच्या पत्राची नक्कल पाठवते आहे. हिंमत बघ त्याची. सहा मेलेल्यांवर ढकलून भागलं नाही, आता तुझ्यावर घसरला. ज्या बाईने चढ चढून त्याला गरम जेवण नेऊन दिलं, तिच्याकडे बोट! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच.

आणि वर मुलीचं रडगाणं. मलाही बाप होता. मी काही कोणाला ओळी मागत फिरले नाही.

त्याला मी भर मैदानात उत्तर देणार आहे, आणि त्यासाठी मला तू हवीस. मी पान वाचून झालं की तू उभं राहायचं आणि सांगायचं, "हो, मी डबा नेला होता, आणि विळ्याचा बिल्ला मी माझ्या डोळ्यांनी खुंटीवर पाहिला." तुझ्या शब्दापुढे गावात कोणी तोंड उघडणार नाही. पुस्तकातही ते घालते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सगळं छापायला जातं, त्याआधी तुझी साक्ष चार ओळींत लिहून पाठव.

तो मैदानावर येईल हे मात्र तुम्ही बघा. आला नाही तर दोन माणसं पाठवून आणा.

तुझी,
ढब्बू


२५ मार्च

ढब्बे,

हे बसून वाच. आणि वाचून झालं की जाळ.

मी उभी राहणार नाही आणि साक्षही लिहिणार नाही. तुला आधीच सांगितलं होतं की तो हिवाळा राहू दे. तू बापावर गेलीस, त्याच्याही डोक्यात एकदा खिळा शिरला की निघायचा नाही.

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं हे गाव आहे, आणि आपण काही गावाबाहेरचे नाही. त्याने लिहिलेलं लहान मूल म्हणजे तू. तुझा बाप कामाला जाऊन नऊ दिवस झाले होते, तू घरी एकटी राहीनास, म्हणून तुला बरोबर नेलं. तो मागे लाकडं झाकत होता. मी डबा ठेवला आणि शेकोटीवर हात शेकत बसले, कारण चढून बोटं आखडली होती. तू बाकावर चढलीस ते मी पाहिलं. पोरं चढतातच. मी शेकोटीकडे तोंड केलं.

घरी येऊन तुझा ओला झगा काढला तेव्हा खिशातून बिल्ला पडला. विळ्याचा. मी विचारलं, हे काय गं? आणि तू इतकी खूष होतीस! म्हणालीस, "बिल्ला घरी आला की बाबा घरी येतो. मी आणला." तुझं तरी काय चुकलं. जन्मल्यापासून तू तेच बघत होतीस. दार वाजायचं, बाप आत यायचा, हातात बिल्ला. तो तुझ्या हातात द्यायचा आणि तू नाचायचीस.

मग मी तुला पळीने मारलं. ते मारलेलंच तुला आठवतंय, बाकी काही नाही. बरं झालं, असं मी इतकी वर्षं म्हणत आले.

बिल्ला मी चुलीत घातला. सुतार माणसाने निवडलेलं लाकूड ते, लवकर जळेना. तुझं नाव मी गावाला दिलं असतं तर गावाने तुझं काय केलं असतं? त्या माणसाकडे बघ आणि मला सांग. गावाला कोणीतरी लागतंच. तो होता, खालच्या आळीचा, त्याला तसंही ऊन कमीच. तुला मी त्या दारांच्या आवाजात वाढवायचं होतं का? तुला शाळेत घातलं, पुढे शहरात पाठवलं, आज तू बाईंची बाई झालीस. ते कशाच्या जोरावर झालं ते आता कळलं ना तुला?

आता तूच ठरव, मैदानात काय वाचायचं ते.

आत्या


२० एप्रिल

आत्या,

पत्र जाळलं नाही. 

या दिवसांत मी रोज शाळेत गेले. मुलींच्या वह्या तपासल्या, एका मुलीने उत्तर आणि दक्षिण उलट लिहिली होती, तिला वर्गाबाहेर उभं केलं. घरी येऊन गावाचे तिन्ही नकाशे पूर्ण केले. रडू आलं नाही. सातव्या वर्षीचं काही आठवतंय का म्हणून पुष्कळ डोकं खाजवलं. पळीच आठवते.

पण अंतर आणि वेळ काढायची मला सवय आहे. चौकशीच्या कागदांत तू सोडून सगळं आहे. चौकी ते गाव, उताराने एक तास. साडेतीनला कुलूप पडलं. आपण दोघी त्याच्या बऱ्याच आधी निघालो होतो. साडेतीनला बर्फ घोट्यापर्यंत होता, चौकीदार एकटा सुखरूप खाली आला. म्हणजे कोणालाही चालत वर जाता आलं असतं.

डॉक्टरचा कागदही आहे. बाबा दाराशी पोचले ते त्याच संध्याकाळी, आणि त्यानंतर निदान एक रात्र आणि एक दिवस जिवंत होते. कारण त्यांनी शेकोटी केली होती. आधी रंधा जाळला, मग करवतीची मूठ, पटाशीच्या मुठी, सगळी हत्यारं. राखेत पाती सापडली. आणि लहान मुलाच्या खुर्चीला लागतात तसले खिळे. ती खुर्ची कोणासाठी होती ते मी विचारत नाही.

मी विचार करत होते की ते मागे फिरून बाजाराकडे का गेले नाहीत. मग लक्षात आलं. त्यांच्या हिशेबाने त्यांचा बिल्ला खुंटीवर होता. चौकीदार भिंत बघेल, आणि कोणीतरी येईलच. म्हणून ते तिथेच बसून राहिले.

माझा एकच प्रश्न आहे. बिल्ला तुला किती वाजता सापडला? आणि त्यानंतर तू काय केलंस?


२ मे

ढब्बे,

दिवेलागणीला. साडेचार झाले असतील.

तेव्हा तो चौकीदार आपल्या खिडकीवरून खाली उतरत होता. कमरेला चौकीच्या किल्ल्या होत्या, बायकोच्या काळजीने पळत होता. बिल्ला माझ्या हातात होता. आमच्या मध्ये आठ पावलांचं अंगण. एक हाक मारायची होती.

मी मारली नाही. मनात म्हटलं, भाऊ आज थोडाच येणार आहे, आभाळ बघून पलीकडेच थांबला असेल, त्याला अक्कल आहे. आणि हाक मारली तर सांगावं लागणार की आमच्या पोरीने बिल्ला पळवला. दुसऱ्या दिवशी वरच्या आळीपर्यंत बोभाटा, की आईविना पोर, आत्याला धाक नाही, विधवा बाई भावाच्या घरी बसून खाते आणि एक पोर सांभाळता येत नाही. शिवाय खालच्या आळीच्या माणसाला आपल्या दारात बोलावून आपल्या घरची चूक सांगायची आणि त्याला पुन्हा वर धाडायचा. मला लाज वाटली. एवढंच. याहून मोठं कारण असतं तर तुला सांगितलं असतं. मीही शोधून बघितलं.

सकाळी बर्फ कमरेपर्यंत. मग बोलून काय करायचं होतं? हिवाळाभर मी सगळ्यांना सांगत होते, तो पलीकडे आहे, मजेत असेल. सांगता सांगता मला खरंच वाटायला लागलं. चूल पेटवताना मात्र हात थांबायचा. वसंतात त्याला झोळीत घालून आणला. त्याची बोटं मी पाहिली, दार ओरबाडून काय झाली होती ती. सगळा गाव अंगणात उभा होता, चौकीदारही होता, टोपी हातात घेऊन. कोणीतरी माझ्याकडे बघायच्या आत मी घरात शिरले आणि त्याच्या तोंडावर दार आपटलं. मग सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

मी आता ऐंशीची आहे. छापायचं तर छाप. पण त्याआधी मला इथून घेऊन जा. पायरीवर ठेवलेलं सामान मला उचलता यायचं नाही, कंबर वाकत नाही. आणि ती दारं मला ऐकायची नाहीत, ढब्बे. ती कशी वाजतात ते माझ्याइतकं कोणाला माहीत नाही.

छापलंस तर अर्धं छापू नकोस. माझी हाक छापशील तर तुझा हातही छाप. तुझ्या शाळेतल्या पोरीही वाचतील.

आत्या


२४ मे

चौकीदार यांना नमस्कार.

आपलं २७ फेब्रुवारीचं पत्र वेळेवर मिळालं होतं. पुस्तकाच्या कामात उत्तराला उशीर झाला.

आपण दिलेल्या माहितीची चांगली मदत झाली. चौकीच्या आतल्या भिंतीचं चित्र आपल्या वर्णनाबरहुकूम काढून घेतलं आहे (पान ५८). खालच्या आळीचा स्वतंत्र नकाशा दिला आहे आणि त्यात आपलं घर दाखवलं आहे.

माझ्या आत्या गेल्या आठवड्यापासून इथे माझ्याकडे राहायला आल्या आहेत. वयोमानाने त्यांना त्या दिवसाचं काहीही आठवत नाही. त्यांना पत्र पाठवू नये, ही विनंती.

त्या हिवाळ्याचं प्रकरण पूर्वी लिहिलं होतं तसंच ठेवलं आहे. आपण सुचवलेल्या ओळीवर मी बराच विचार केला. ती मी लिहूनही पाहिली. परंतु आपल्या म्हणण्याला आधार देणारा एकही साक्षीदार आज हयात नाही, आणि चौकशीच्या कागदांतला निष्कर्ष वेगळा आहे. पुस्तकात जे येईल ते पुढच्या पिढ्या खरं धरतील, त्यामुळे संपादक म्हणून मला जबाबदारीने वागावं लागतं. ती ओळ घेता आली नाही. गैरसमज नसावा.

प्रकाशन दहा जूनला सकाळी दहा वाजता शाळेच्या मैदानावर आहे. ते प्रकरण मी स्वतः वाचणार होते, पण आत्यांच्या आजारपणामुळे मला येणं जमणार नाही. गावच्या शाळेतली दुसरीतली एक मुलगी ते वाचेल. तिचा आवाज खणखणीत आहे असं मुख्याध्यापक म्हणाले. आपण अवश्य यावं.

आपल्या कन्येचा पत्ता मिळवायला थोडा त्रास पडला, पण मिळाला. ती आता दोन मुलांची आई आहे आणि आपण हयात आहात हे तिला माहीत नव्हतं. पुस्तक तिच्या हातात पडावं अशी आपली इच्छा होती, ती ध्यानात घेऊन एक प्रत कालच तिला टपालाने पाठवली आहे.

आपली,
संपादक